भाऊ घरी आला की माझा आवाज तुटायचा

कोपरखैरण्याला सिडकोच्या घरात आम्ही चौघं, आणि चौघांत मिळून एक वायफाय. माझं काम बोलण्याचं. दुपारी दोन ते रात्री अकरा, लॅपटॉपवरच्या सॉफ्टफोनवरून, म्हणजे इंटरनेटवरून कॉल करणाऱ्या अ‍ॅपवरून, ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या. दुपार बरी जायची, संध्याकाळी आवाज तुटायला लागायचा. एका आजोबांनी तर विचारलंच, "बाळ, विहिरीतून बोलतेस का?" टीम लीडरने दुसऱ्यांदा सुनावलं तेव्हा मी हलले.

केबलवाल्याचा पोरगा आला, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली आणि "ताई, फुल्ल येतोय स्पीड" म्हणून गेला. खोटं नव्हता बोलत. मीच शहाणपणा करून ४० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करून घेतला. बिल वाढलं, आवाज तसाच. नंतर हिशोब केला तर लाज वाटली: आवाजाचा डेटा करणाऱ्या साध्या जी.७११ कोडेकवरचा कॉल एका बाजूला ९० केबीपीएसच्या आत भागतो, आणि हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस. शंभर एमबीपीएस काय लोणच्याला घालायचे होते?

मग एका संध्याकाळी कॉल नसताना पिंग लावून बसले, म्हणजे इवलासा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजत. ८, ९, ८, ९ मिलिसेकंद. पावणेआठला दाराची कडी वाजली. भावाने बूट काढले, बॅग सोफ्यावर टाकली. स्क्रीनवर ४०, १८०, ५२०. पठ्ठ्याने अजून हातपायही धुतले नव्हते! पण त्याचा फोन वायफाय मिळताच खिशातूनच कामाला लागला होता, साइटवर दिवसभर काढलेले व्हिडिओ क्लाउडवर चढवायला. आणि आमचा अपलोड नव्या प्लॅनमध्येही १० चाच होता, ते मी वाचलंच नव्हतं.

याला बफरब्लोट म्हणतात. वाट अरुंद असली की राउटर किंवा मोडेम पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, लगेच टाकून देत नाही, भली मोठी रांग लावतो. स्टेशनच्या खिडकीवर पुढचा माणूस अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढतोय आणि आपल्याला ठाण्याचं एकच हवंय, तशी गत. माझ्या आवाजाचं चिमुकलं पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतं आणि वऱ्हाडामागे उभं राहतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा अशी आहे. त्यात हा उशीर सारखा कमीजास्त होत राहिला तर फार मागे राहिलेली पॅकेटं पलीकडे टाकूनच दिली जातात. माझी गळलेली अक्षरं ती हीच.

आधी लॅपटॉपला केबल जोडली. थोडा फरक पडला, पण रांग वायफायमध्ये नव्हतीच. भावाला "बॅकअप रात्री लाव" म्हटलं. दोन दिवस टिकलं. शेवटी ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालेल असा जुना राउटर घेतला, त्यात रांगेला शिस्त लावणारं एसक्यूएम टाकलं, त्यातली 'केक' ही पद्धत निवडली. त्यातल्या स्क्रिप्टचं नाव चक्क 'पीस ऑफ केक' आहे. माझे दोन रविवार गेले, असो. खरी मेख आकड्यांत आहे. अपलोड मुद्दाम ८५०० केबीपीएस टाकायचा, म्हणजे मोजलेल्या वेगापेक्षा जरा कमी. मग रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे केक प्रत्येकाची वेगळी ओळ करून आळीपाळीने सोडतो. वऱ्हाडाचं एक तिकीट, माझं एक. डाउनलोडलाही तसाच लगाम घातला, ८५००० चा.

त्या संध्याकाळी कडी वाजली, व्हिडिओ चढायला लागले, पिंग १४ च्या वर गेला नाही. भाऊ स्पीड टेस्ट करून "शंभराचे पंच्याऐंशी झाले" म्हणून कुरकुरतो. कुरकुरू दे.

परवा एका बाईंची बिलाची तक्रार लिहून घेत होते. त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "अगं, तुमच्या कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर आधी."