तुम्ही विचारलंत म्हणून : आबांचा लाकडी मासा

माझ्या गरवण्याच्या, म्हणजे गळाने मासे धरण्याच्या, पेटीच्या वरच्या कप्प्यात, धुऊन मऊ झालेल्या एका फडक्यात गुंडाळलेला एक लाकडी मासा असतो; खऱ्या माशाला भुलवण्यासाठी केलेला, गळ लावलेला. बरोबर येणाऱ्यांपैकी ज्याला ज्याला तो मी दाखवला, त्याने तो हातात घेऊन आधी कौतुक केले आणि मी तो तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, बांधू लागताच न चुकता एकच प्रश्न विचारला : "हा तुमच्या गुरूंनी हाताने केलेला, ते आता नाहीत, मग हा अजून पाण्यात कशाला टाकता? हरवला तर काय कराल?" मी दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा होतो आणि घरी परतताना ते उत्तर अपुरे होते हे मला जाणवत राहते, म्हणून आज सविस्तर लिहितो.

मासा 11 सेंटीमीटर लांब आहे आणि त्याचे वजन 24 ग्रॅम आहे. पाठ खाडीतल्या शेवटा या माशासारखी करडी-निळी आहे, आणि दोन्ही कुशींवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी इतक्या सफाईने चिकटवली आहे की बोट फिरवले तरी कड लागत नाही. डोळे म्हणजे आबांच्या घरच्या काकींच्या सुटलेल्या पोतीतले दोन काळे मणी आहेत. तोंडाखाली पुढे आलेली जीभ जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, जुन्या पातेल्याच्या झाकणातून कापलेली आहे. पाणी तिच्यावर आदळते, मासा खाली डुबतो आणि अंग डावी-उजवीकडे हलवत पोहू लागतो. पाठीवर शेपटीच्या जरा अलीकडे दोन खोल खड्डे आहेत. ते तांबोशी या माशाच्या सुळ्यांचे आहेत. चोणकाचे दात खरकागदासारखे बारीक असतात, त्यामुळे त्याने धरल्याच्या खुणा म्हणजे नुसता खरखरीत झालेला रंग असतो. अलिबाग-पेणकडे ज्याला जिताडा म्हणतात आणि गोव्यात चोणक म्हणतात तो मासा एकच, आणि हा लाकडी मासा त्याच्यासाठीच केलेला आहे.

तो करणाऱ्यांना सगळे गाव आबा म्हणत असे. मी 2004 साली नोकरीनिमित्त सावंतवाडीला आलो. माझे बालपण सोलापूरकडे गेले, त्यामुळे भरती-ओहोटी ही माझ्या लेखी भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट होती. सह्याद्रीतून उतरून बांद्यावरून येणारी तेरेखोल नदी अरोंद्यापाशी रुंद खाडी होते. अलीकडचा काठ महाराष्ट्राचा आणि पलीकडचा किरणपाणीचा काठ गोव्याचा. त्या खाडीच्या एका बांधावर नवी कोरी काठी घेऊन मी रविवारमागून रविवार उभा राहत होतो आणि मला काही मिळत नव्हते. आबा थोड्या अंतरावर दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्याला गुंडाळलेला तंगूस घेऊन बसत असत. पाचव्या की सहाव्या रविवारी ते उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "साहेबांनू, गरी टाकूच्या आदी जरा पाणी बघा." त्यानंतर दोन तास त्यांनी मला गळ टाकू दिला नाही. ओहोटीला खारफुटीच्या मुळांमधून पाणी कुठून निघते, त्याबरोबर बारीक मासळी कुठे बाहेर येते आणि तिची वाट पाहत मोठा मासा कोणत्या सावलीत उभा असेल, एवढेच पाहायला लावले. संध्याकाळी सावलीतून 'भप्प' असा, पाण्यात जड नारळ पडल्यासारखा आवाज आला. चोणक तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, त्याचा तो आवाज. इतके रविवार मी त्या जागेकडे पाठ करून उभा होतो.

आबांनी तरुणपणी सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळे घडवण्याचे काम केले होते. ते काम सुटले, पण हात सुटला नाही. एकदा ओहोटीला खारफुटीत अडकलेला, जीभ तुटलेला एक परदेशी प्लॅस्टिकचा मासा त्यांना सापडला. तो त्यांनी उघडून पाहिला, आत काय आहे ते समजून घेतले आणि मग बाजूला ठेवून दिला, कारण त्यांच्या मते आपल्या खाडीतला शेवटा तसा पोहत नाही. त्यांनी स्वतःचा मासा पांगाऱ्यापासून सुरू केला. मिरवेलीला आधार म्हणून लावतात तोच काटेरी पांगारा. लाकूड हलके, मऊ, चाकूला न अडणारे. सावंतवाडीची खेळणी याच लाकडाची होत असत, त्यामुळे ते किती वाळवायचे आणि कुठल्या अंगाने तासायचे हे आबांना विचार न करता कळत असे. फांदी पाने झडल्यावर तोडायची आणि पडवीच्या आढ्याला निदान वर्षभर सावलीत टांगून ठेवायची, हा त्यांचा नियम होता.

घडवण्याच्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तार. आबा तासलेल्या माशाच्या पोटाला डोक्यापासून शेपटीपर्यंत करवतीने चीर पाडत आणि तीत स्टीलची एकच अखंड तार बसवत, जिची पुढे नाकात कडी होई, मध्ये पोटाखाली एक आणि मागे शेपटीला एक. त्यामुळे चोणकाने लाकूड फोडले तरी त्याचा भार तारेवर येतो आणि मासा सुटत नाही. मग जुन्या जाळ्यातले शिसे ठोकून त्याच चिरेत पोटाशी बसवायचे आणि लाकडाचा भुसा चपड्या लाखेत कालवून चीर बुजवायची. इथवरचे काम कोणीही धीराचा माणूस शिकू शकेल. त्यापुढचे काम विहिरीजवळच्या दगडी डोणीत होत असे, आणि ते शिकायला मला काही वर्षे लागली.

डोणीत पाणी भरून आबा मासा अलगद सोडत आणि त्याच्याकडे बघत बसत. तो एका कुशीवर कलंडला तर शिसे कमी, बुडाला तर जास्त, पाठ वर काढून नाक किंचित खाली ठेवून तरंगला तर बरोबर. चाकूच्या टोकाने ते शिशाचा नखाएवढा कण काढत, पुन्हा सोडत, पुन्हा काढत. लाखेचा हात देण्याआधी एकदा आणि दिल्यावर पुन्हा एकदा हे सगळे होई, कारण लाखेचेही वजन असते. एका माशाला अशी अख्खी दुपार लागलेली मी पाहिली आहे. त्यानंतर ते हातभर तंगूस बांधून मासा डोणीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत, आणि त्या वेळी त्यांची नजर माशाकडे नसून स्वतःच्या बोटांकडे असे. अंग हलवणाऱ्या माशाचा थरकाप तंगुसातून बोटांत येतो. त्यात शेवाळाचा धागा अडकला तरी तो थांबतो. हे बोटांना कळावे म्हणून त्यांनी माझी काठी पहिला अख्खा हंगाम त्यांच्या पडवीत ठेवून घेतली आणि मला डबा दिला.

हा मासा त्यांनी मला 2009 मध्ये दिला, आणि तो मिळताच मी एक चूक केली. मासा सरळ येत नव्हता, उजवीकडे ओढ घेत होता. नीट पाहिले तर नाकातली कडी केसभर वाकलेली होती. प्रवासात ती वाकली असेल असे समजून मी पक्कड घेऊन सरळ केली. तीन रविवार तो अगदी सरळ रेषेत पोहला आणि त्याला एकदाही मासा लागला नाही. चौथ्या रविवारी आबांनी तो माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि विचारले की कडीला हात कोणी लावला. मी सांगितले. ते रागावले नाहीत. "ही आपसूक वाकडी जावक नाय, मियां वाकवलंय," एवढे म्हणाले आणि मला बांधाच्या टोकाशी, ते नेहमी बसत त्या दगडावर उभे केले. तिथून पाहिले तर खारफुटी उजव्या हाताला होती. कडी ज्या अंगाला वाकवावी त्या अंगाला मासा ओढ घेतो; हा मासा त्या एका दगडावरून फेकला की येताना आपोआप मुळांच्या सावलीला घासून यावा असा केलेला होता. त्यांनी दातांत धरून कडी पुन्हा होती तशी वाकवली. चौथ्या की पाचव्या फेकीला सावलीतून तो आवाज आला, आणि पुढची काही मिनिटे माझी बोटे कापली जाऊ नयेत म्हणून आबा मला ओरडून सांगत होते एवढेच आठवते. चोणकाच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, ती बारीक तंगूस सहज कापते. म्हणून माशाच्या पुढे हातभर जाड तंगूस बांधायचा, हेही त्यांचेच शिकवणे.

पाण्याची वेळ ते तिथीवरून काढत. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा कोकणातला जुना हिशोब आहे आणि आजही तो मला मोबाइलच्या आधी आठवतो. दुसरी एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाकडून ऐकलेली नव्हती, स्वतः पाहिलेली होती. त्यांनी आयुष्यात कापलेल्या चोणकांपैकी लहानात गाभोळी, म्हणजे अंडी, कधी मिळाली नव्हती आणि फार मोठ्या चोणकात ती नाही असे क्वचितच झाले होते. म्हणून पावसाच्या तोंडावर मोठा चोणक लागला की ते त्याला सोडून देत. पैशांची गरज असतानाही देत, हे मी पाहिले आहे. पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले की हा मासा बहुधा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो; पावसाळ्यात तो अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे जातो. मी ते आबांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की आता दुसऱ्यांनाही सांगायला बरे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आबांनी केलेले कितीतरी लाकडी मासे खाडीत गेले. मुळांत अडकून, तंगूस कापला जाऊन, पुलाच्या खांबाला वेढा बसून. माझ्या हातूनही त्यांचे तीन गेले आहेत, आणि पहिला गेला तेव्हा माझा चेहरा पाहून ते म्हणाले होते, "गेलो तर गेलो, दुसरो करूया." दुसऱ्याच दिवशी त्यांनी फांदी खाली काढली. 2019 च्या पावसाळ्यात आबा गेले, आणि त्यानंतर 'दुसरो करूया' हे म्हणणारे कोणी उरले नाही, हे खरे आहे. सुरुवातीचे वर्षभर मी हा मासा कपाटातच ठेवला होता. पण कपाटात तो मला काहीच सांगत नसे. त्यात आबांचे जे आहे ते रंगात किंवा मण्यांत नाही. डोणीतल्या त्या दुपारी काढलेल्या शिशाच्या कणांत आणि कडीच्या त्या केसभर वाकात ते आहे, आणि ते पाण्यात ओढ बसल्याशिवाय बोटांना कळत नाही. तंगुसातून तो थरकाप आला की पडवीत बसलेल्या त्यांचा हात माझ्या हाताशेजारी असल्यासारखे वाटते. यासाठी मी तो टाकतो आणि हरवण्याची भीती सोबत घेऊनच टाकतो. जड तंगूस वापरतो, गळ दर हंगामात बदलतो, आणि मासा अडकला तर तोडून न घेता पूर्ण ओहोटी होईपर्यंत थांबून गुडघाभर चिखलातून जाऊन सोडवून आणतो.

मी स्वतः आतापर्यंत नऊ मासे केले. पहिले चार कलंडले, पाचवा बुडाला, सहाव्याची चीर उकलली. सातवा डोणीत नाक किंचित खाली ठेवून तरंगला तेव्हा काकी विहिरीवर होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली, वाकून बराच वेळ पाहिले आणि घरातून काळ्या मण्यांची डबी आणून माझ्या हातात दिली. पांगाऱ्याची एक फांदी गेल्या वर्षापासून माझ्या पडवीत टांगलेली आहे. येत्या पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास पूर्ण होईल आणि ओहोटी लागायच्या आत बांधाच्या टोकाशी पोहोचायचे, म्हणून मी अडीचला घरातून निघणार आहे. आबांचा मासा पेटीत ठेवला आहे. त्याचे गळ बदलले आहेत आणि कडी पाहून घेतली आहे. ती उजवीकडे, होती तशीच वाकलेली आहे.