केस पेपरच्या खिडकीपासून सुरुवात करा

आपल्याकडे एलजीबीटी लोकांच्या आरोग्याचा विषय निघाला की लोक लगेच मुंबईकडे बोट दाखवतात. तिथे हमसफर ट्रस्ट आहे, अशोक राव कवींनी १९९४ मध्ये सुरू केलेली एलजीबीटी लोकांची संस्था, तिथे जा, पुण्याला जा, नाहीतर सरळ गोव्याला जा. आणि जातातच लोक. सिंधुदुर्गातला माणूस साध्या एचआयव्ही टेस्टसाठी आपल्या तालुक्याचं आयसीटीसी, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्र, सोडून घाट चढून कोल्हापूर गाठतो, जी टेस्ट घराजवळ फुकट होते तीच. कारण इथे खिडकीत बसलेली सिस्टर आईची मैत्रीण असते, लॅबवाला भावाच्या क्रिकेट टीममधला असतो आणि बाकड्यावर अर्धी वाडी बसलेली असते.

माझं म्हणणं साधं आहे, आम्हाला वेगळं केंद्र मिळालं तर आनंदच आहे, पण त्याआधी जे प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी, गावात आहे तेच आमचं व्हायला हवं. आणि ते कुणा एका चांगल्या डॉक्टरच्या स्वभावावर सोडून चालणार नाही, ते फॉर्ममध्ये, बसायच्या जागेत, खिडकीवरच्या प्रश्नात आलं पाहिजे.

खिडकीवर काय होतं ते सांगते. नाव, वय, गाव, आणि मग भर लायनीत, "लगीन झालां काय गो?" नाही म्हटलं की केस पेपरवर अनमॅरिड लिहिलं जातं आणि त्या एका शब्दावर पुढचं सगळं ठरतं. अनमॅरिड म्हणजे संबंध नाहीत, म्हणजे आतून तपासायची गरज नाही, म्हणजे पांढरं जात असेल तर लोहाच्या गोळ्या. मी बाई आहे, माझी जोडीदार बाई आहे, आम्ही बरीच वर्षं एकत्र राहतोय, गावाला आम्ही मैत्रिणी म्हणून माहीत आहोत. माझं पाळीत पोट इतकं दुखायचं की शिलाई मशीनवर बसता यायचं नाही, तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, लग्न झालं, मूल झालं की जातं. त्यावर काही वर्षं पेनकिलर खाल्ल्या. शेवटी गोव्याला सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार, आणि त्यामुळे अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, जुन्या रक्ताची गाठ. ऑपरेशनच्या वेळी माझी जोडीदार माझी बहीण म्हणून बाहेर बसली होती. फॉर्मवर सही कुणाची घ्यायची यावरून तिथे जे झालं ते आठवलं तरी मला अजून राग येतो.

तिशीनंतरच्या सगळ्या बायकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करायची असा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, पीएचसीत गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून तिथे पांढरं होतं का ते बघतात, काही मिनिटांचं काम. यातून आमच्यासारख्या बायका हमखास गळतात, लग्न नाही म्हणून कुणी बोलवत नाही आणि आपण होऊन जायची भीती वाटते. पण एचपीव्ही, म्हणजे ज्याच्यामुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो तो विषाणू, लग्नाचं सर्टिफिकेट बघत नाही, तो त्वचेच्या स्पर्शातून जातो, हातातूनही जाऊ शकतो, दोन बायकांमध्येही जातो. हे मला पस्तिशीपर्यंत कुणीही सांगितलं नव्हतं!

सांगितलं ते आमच्या पीएचसीला बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेल्या एका तरुण मॅडमनी. त्यांनी मला आत घेतलं, दार लोटलं, बरोबरच्या सिस्टरला म्हणाल्या जरा बाहेरचं रजिस्टर बघता का, आणि मग विचारलं, "तुमचे कुणाशी शरीरसंबंध आहेत का? पुरुषाशी, बाईशी, दोघांशी, की कुणाशीच नाहीत? मी सगळ्यांनाच विचारते." तो शेवटचा सगळ्यांनाच शब्द ऐकून मला एकदम हलकं वाटलं, कारण माझ्याकडे बघून काही ओळखलं म्हणून विचारलेलं नव्हतं. मी खरं सांगितलं. त्यांनी ते लिहिलं आणि विचारलं, हे पेपरवर असू दे की नको. बस, एवढंच. तपासणी झाली, नॉर्मल आली. पुढे मॅडमचा बाँड संपला, त्या एमडीला गेल्या आणि नवीन आलेल्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, मिस्टर काय करतात.

म्हणून म्हणते, माणसावर नको सोडायला.

परदेशातल्या अशा केंद्रांबद्दल वाचलं तेव्हा मला सगळ्यात आवडलं ते बॉस्टनचं फेनवे. १९७१ मध्ये स्वयंसेवकांनी चालू केलेला तो वस्तीतला साधा दवाखाना होता, म्हातारी माणसं, विद्यार्थी, गरीब भाडेकरू आणि गे लोक, जे जे त्या वस्तीत राहायचे त्यांच्यासाठी. पुढे एड्सच्या काळात तिथे प्रचंड काम झालं आणि आज ते जगातलं नावाजलेलं केंद्र आहे, पण मुळात तो शेजाऱ्यांचा दवाखाना. तिकडे सरकारी मदत घेणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स असतात, मिळकतीप्रमाणे फी घेतात, आणि २०१६ पासून काही वर्षं त्यांच्या वार्षिक अहवालात पेशंटच्या लैंगिक कलाची आणि लिंगओळखीची माहितीसुद्धा मागत होते. म्हणजे आमच्या मॅडमनी स्वतःच्या मनाने विचारलं ते तिथे फॉर्मनेच विचारायला लावलं.

आता माझ्या एका मैत्रिणीचं सांगते, कुडाळकडची, ट्रान्स आहे. हॉर्मोनसाठी ती रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडून दादर, तिथून लोकलने कल्याणला जायची, तिथे मित्र क्लिनिक होतं, ट्रान्स लोकांनीच चालवलेलं, समुपदेशन, हॉर्मोन, तपासण्या सगळं एका छपराखाली. हैदराबादला २०२१ मध्ये पहिलं निघालं, मग कल्याण आणि पुणे. पैसा अमेरिकेच्या मदतीचा होता, जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ती मदत थांबवली आणि क्लिनिकं बंद झाली. हैदराबादचं नंतर दुसऱ्या पैशावर परत उभं राहिलं. माझी मैत्रीण मात्र आता मेडिकलमधून गोळ्या आणते आणि डोस यूट्यूबवर बघते. इस्ट्रोजेनने रक्ताच्या गाठी होऊ शकतात, बरोबरच्या दुसऱ्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, रक्त तपासत राहावं लागतं. अहो, रक्त तर आपल्या पीएचसीत रोज घेतात, महालॅबचा माणूस नमुने घेऊन जातो, रिपोर्ट फुकट येतो! डोस शहरातल्या तज्ज्ञाने ठरवावा आणि रक्त इथे तपासावं, एवढं जमायला काय हरकत आहे? पण ती पीएचसीत जाणार नाही, कारण खिडकीतून आधारवरचं जुनं नाव मोठ्याने पुकारतात आणि बाकड्यावरचे सगळे वळून बघतात.

कायदा आपल्या बाजूचा आहे हे लोकांना माहीतच नसतं. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा सांगतो की संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिझल्ट फोडायचा नाही. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही असं लिहिलंय. समलैंगिकता बरी करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरांचं ते गैरवर्तन आहे, असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये सांगितलं. आणि २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना पत्र लिहिलं, भेदभाव थांबवा, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराला घेता यावा म्हणून. ते पत्र वाचून माझी जोडीदार आणि मी रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो होतो.

आमच्या पीएचसीच्या रुग्ण कल्याण समितीतल्या एका काकूंकडे मी तीन गोष्टी लिहून दिल्यात. लग्नाचा प्रश्न खिडकीवर नको, आत डॉक्टरांनी विचारावा आणि संबंधांबद्दल सगळ्यांना एकच प्रश्न असावा. नावाऐवजी टोकन नंबर पुकारावा. आणि तपासणीच्या टेबलाला पूर्ण पडदा हवा, आता आहे तो गुडघ्यापर्यंत येतो आणि एका बाजूने फाटलाय. कापड त्यांनी द्यावं, शिवून मी देते असंही सांगितलंय. काकू म्हणाल्या टोकनचं तर सगळ्यांनाच बरं पडेल, टीबीच्या पेशंटलापण आणि पोरींनापण. ते खरंच आहे.

बाकी, मी एक यादी करतेय, मंडणगडपासून दोडामार्गपर्यंत कुठल्या दवाखान्यात नीट वागवतात त्याची, फक्त आपल्या आपल्यात द्यायला. तुमचं नाव नको, काय आजार होता तेही नको. दवाखाना कुठला, आत एकटं बोलता आलं का आणि बाहेर काही फुटलं का, एवढं कळवा. टेस्ट कुठे होते एवढंच विचारायचं असेल तर नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेची, १०९७ ही हेल्पलाइन फुकट आहे, त्यांना नाव सांगावं लागत नाही.