एफचा पी झाला, तेव्हा

कंटेनरवरचा नंबर कॅमेऱ्याने वाचायचा, एवढंच काम. बंदराच्या रेल्वे यार्डात शिरताना रेक, म्हणजे सगळ्या वॅगनसकट मालगाडी, कमानीखालून जाणार, वरचे कॅमेरे नंबर टिपणार आणि कुठल्या वॅगनवर कुठला डबा आहे ते क्रेनला आपोआप कळणार. आमची नाशिकच्या अंबडमधली पाच जणांची कंपनी. काम माझ्या गळ्यात पडलं.

नमुन्याचे फोटो आणायचे कुठून? फेब्रुवारी होता. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसबाहेर रीफर, म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, रांगेने उभे. आठवडाभर बाईकवर हिंडून फोटो काढले. ऑफिसात सगळं झकास चाललं.

यार्डात पहिल्याच रात्री ४५ वॅगनची रेक आली आणि आमची दाणादाण उडाली. रीफर पांढरे, गुळगुळीत. इथले बहुतेक डबे तांबूस, गंजलेले. पत्रा नालीदार, त्यामुळे अक्षर अर्धं उंचवट्यावर, अर्धं खोबणीत. द्राक्षांच्या डब्यांवर शिकवलेल्या कॅमेऱ्याला हे कसं कळावं! चूक माझीच. पुन्हा फोटो काढले, यावेळी यार्डातले, रात्रीचे, पुढे पावसातलेही.

त्यानंतरची भानगड जास्त चिवट निघाली. नंबर म्हणजे चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक तपासणी अंक. ए म्हणजे १०, बी १२, असं करत झेड ३८. मधले ११, २२, ३३ गाळलेले. पहिल्या अक्षराला १ ने, पुढच्यांना २, ४, ८ असं ५१२ पर्यंत गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं. बाकी उरेल तोच शेवटचा अंक. १० उरली तर ०. अंक जुळला की नंबर बरोबर, असं मी धरून चाललो होतो.

एका रात्री टॅलीवाले काका, म्हणजे यार्डात डबे मोजून वहीत टिपणारे, वही घेऊन आले. "साहेब, तुमच्या मशीनचा हा डबा यादीतच नाही." स्क्रीनवर तर हिरवी खूण. टॉर्च घेऊन दोघं डब्यापाशी गेलो. एफच्या उजव्या अंगाला गंजाचा ओघळ, कॅमेऱ्याने त्याचा पी केलेला.

मग तपासणी अंक गप्प का बसला? खोलीवर येऊन कागदावर मांडलं. एफ १६, पी २७. फरक नेमका ११! भागाकारात दोन्ही सारखेच. जी आणि क्यूचंही तेच, १७ आणि २८. दिसायला जुळी अक्षरं, तीच निसटणार. डोक्याला हात लावला.

आता वाचलेला नंबर आधी रेल्वेकडून आलेल्या यादीशी ताडतो, तपासणी अंक नंतर. यादीही दोन्ही बाजूंनी लावून पाहावी लागते, कारण रेक कधीकधी उलट्या तोंडाने येते. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, काकांनाच विचारावं लागलं.

ते अजूनही वही घेऊन कमानीजवळ उभे असतात. सकाळी वहीच्या पानाचा फोटो पाठवतात, मी अंबडला बसून पडताळतो. परवाच्या पानावर एक एफ होता, त्याला लाल शाईने गोल केलेला.