पुण्याच्या गच्चीवर सूर्यघड्याळ बसवताना

सूर्यघड्याळ गावागणिक बदलतं. त्याचा काटा ध्रुवताऱ्याकडे रोखलेला हवा, म्हणजे जमिनीशी त्याचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका. लंडनसाठी केलेल्या घड्याळाचा काटा ५१.५ अंशांवर असतो, पुण्याला १८.५ हवेत. तसं घड्याळ हाती असेल तर फेकू नका. दक्षिणेकडून ३३ अंशांची पाचर मारून ते पूर्ण तिरपं करा, काम भागतं.

नवीन करायचं तर आडव्या तबकडीच्या नादी लागू नये. आपल्या अक्षांशांवर तिच्या रेषा दुपारी दाटीवाटीने येतात: पुण्यात ११ ते १२ मध्ये जेमतेम ५ अंश, तर ५ ते ६ मध्ये तब्बल ४०. त्यापेक्षा विषुववृत्ताला समांतर चकती उत्तम. तिच्यावर दर तासाला सरळ १५ अंश. जयपूरच्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राचं, म्हणजे तिथल्या भव्य सूर्यघड्याळाचं, तत्त्वही हेच.

२० सेंमी व्यासाची ॲक्रिलिकची चकती घ्या (पुठ्ठा पावसात फुगतो). मध्यातून ३ मिमी जाडीची, ३५ सेंमी लांब सळई काटकोनात घाला. दक्षिणेकडे ३० सेंमी, उत्तरेकडे ५ सेंमी. चकतीची खालची कड आणि सळईचं दक्षिण टोक जमिनीला टेकवलं की १८.५ अंश आपोआप साधतात. त्या दोन बिंदूंत ३१.५ सेंमी अंतर भरलं पाहिजे.

आकडे दोन्ही बाजूंना लिहावे लागतात, आणि चूक हमखास इथेच होते. २१ मार्च ते २३ सप्टेंबर ऊन उत्तरेच्या बाजूवर पडतं, तिथे आकडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उरलेले सहा महिने दक्षिणेच्या बाजूवर, तिथे उलटे. मार्च-सप्टेंबरच्या त्या तारखांच्या आसपास ऊन चकतीला समांतर येतं आणि काही दिवस वाचनच होत नाही.

दिशेसाठी होकायंत्र नको, स्लॅबमधल्या सळ्या त्याला फसवतात. शंकूची जुनी रीत खात्रीची: सपाट जागी उभी काठी, तिच्याभोवती वर्तुळ. सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा.

आता मिनिटांचा हिशेब. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.८६ वर, म्हणून पुण्याचा मध्यान्ह सरासरी १२:३५ ला. चकतीवरची १२ ची रेषा तळापासून ८.६ अंश सकाळच्या बाजूला सरकवली की हा फरक मिटतो. नागपूरला तो १४ मिनिटांहून कमी, तिथे ३.४ अंश पुरेत; मात्र अक्षांश २१.१५, त्यामुळे दक्षिणेकडची सळई २६ सेंमी.

तरीही हातातल्या घड्याळाशी फरक दिसेल. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून सूर्य ११ फेब्रुवारीच्या सुमारास १४ मिनिटं मागे, ३ नोव्हेंबरच्या सुमारास १६ मिनिटं पुढे असतो. ही दुरुस्ती तारखेनुसारच करावी लागते. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरला ती जवळपास शून्य; घड्याळ तपासायला हेच दिवस निवडा.

वाचताना सावलीचा मध्य धरा. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्याने कडा दोन मिनिटांइतकी धूसर असते.