रोमहून कासिनो: मठाला तासभर, दफनभूमींना अर्धा दिवस

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापड खरेदीला आपण सगळेच जातो. त्याच जागी १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याची छावणी होती आणि तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. सोव्हिएत रशियाने घरादारातून उचलून सैबेरियाकडे धाडलेली, तिथून सुटून इराणमार्गे कोल्हापूरला पोचलेली. यातल्या कित्येकींचे नवरे, भाऊ, वडील पोलिश जनरल आन्डर्स यांच्या फौजेत होते. मे १९४४ मध्ये ती फौज इटलीत मॉन्टे कासिनोच्या डोंगरावर जर्मनांशी लढत होती. म्हणून कोल्हापूरच्या माणसाने रोमला गेल्यावर एक दिवस कासिनोला द्यावाच, असं माझं ठाम मत आहे.

मात्र रोमहून निघणाऱ्या आयत्या सहलींच्या भरवशावर राहू नका. बस थेट डोंगरावरच्या ख्रिस्ती मठाच्या दारात जाते, माणसं बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च बघून, फोटो काढून परत चढतात. पोलिश दफनभूमी लांबून दाखवतात आणि खालची, जिथे आपले भारतीय सैनिक पुरले आहेत, ती बहुधा वगळतात. याचा मला खरोखर राग येतो. साध्या रेल्वेने गेलात तर खर्चही कमी आणि वेळही आपल्या हातात.

रोमा तेर्मिनीवरून कासिनोला प्रादेशिक गाडी जाते, साधारण दोन तास लागतात. तिकीट दहा युरोच्या आतलं. आरक्षण नसतं, आधी काढून स्वस्तही पडत नाही. नेपल्सच्या बहुतेक वेगवान गाड्या दुसऱ्या मार्गाने जातात, त्या कासिनोला थांबत नाहीत. फ्रोसिनोनेपर्यंतच जाणाऱ्या गाडीतही चढू नका, ती अलीकडेच संपते. आणि कागदी तिकीट असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा. आपल्याकडे तिकीट खिशात असलं की झालं, तिथे शिक्क्याविना ते तिकीटच धरत नाहीत. तपासनीस आला तर दंड तिकिटाच्या कितीतरी पट. 

कासिनो स्टेशनजवळून मठावर स्थानिक बस जाते, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या. रविवारी आणि सणाला आणखी कमी. तिकीट 'ताबाक्की'त, म्हणजे मोठं 'टी' अक्षर लावलेल्या दुकानात, चढण्याआधी घ्यायचं. दुपारी ही दुकानं बंद होतात, म्हणून परतीचंही तेव्हाच घेऊन ठेवा. चढताना ड्रायव्हरला बोटाने घड्याळ दाखवून खाली येणारी शेवटची गाडी किती वाजता ते विचारा. ती चुकली तर टॅक्सी बोलवायची, नाहीतर नऊएक किलोमीटर वळणांचा घाट पायी उतरायचा.

मठ समुद्रसपाटीपासून ५२० मीटरवर, गाव जेमतेम ४० मीटरवर. बसच्या खिडकीतून प्रत्येक वळणाला सगळं खोरं पायाखाली उघडं पडलेलं दिसतं. पन्हाळ्याच्या तटावरून खालचा मुलूख दिसतो तसं. जर्मनांची गुस्ताफ फळी, म्हणजे त्यांची संरक्षणाची रेषा, इथे पक्की का होती, हे नकाशापेक्षा या खिडकीतून लवकर कळतं. मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी बाँब टाकून उद्ध्वस्त केला. तोवर जर्मन सैन्य मठाच्या आत नव्हतं. आत आसऱ्याला आलेले नागरिक मेले, आणि मग जर्मन छत्रीधारी सैनिकांनी त्या ढिगाऱ्यात ठाण मांडलं. उभ्या भिंतींपेक्षा पडक्या भिंती लपायला जास्त सोयीच्या. आजचा मठ युद्धानंतर पुन्हा बांधलेला आहे. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. तासभर पुरे.

तिथून पोलिश दफनभूमी चालत पंधरा-वीस मिनिटांवर. हजाराहून अधिक कबरी, डोंगरउतारावर पायऱ्यांसारख्या ओळीत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ज्यू, सगळे एकाच उतारावर. कित्येक क्रुसांवर कुणीतरी जपमाळ अडकवलेली, लाल-पांढरी फीत बांधलेली. मे १९४४ हा महिना पुन्हापुन्हा वाचावा लागतो. आत्मा देवाला, देह इटलीच्या मातीला आणि हृदय पोलंडला दिलं, अशा अर्थाचा लेख तिथे कोरला आहे. १८ मेच्या सकाळी मठाच्या ढिगाऱ्यावर पोलिश निशाण लागलं. आन्डर्स १९७० मध्ये वारले, त्यांनाही इथेच, आपल्या सैनिकांत पुरलं आहे. वळिवड्याच्या बराकीत ज्यांच्या वाटेकडे डोळे लागले होते, त्यातले काही या ओळींत असणार. पोलंडची माणसं हा धागा विसरलेली नाहीत. वॉर्सात मॉन्टे कासिनोच्या स्मारकाशेजारीच वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक त्यांनी उभारलं आहे.

आता खाली. राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी स्टेशनपासून किलोमीटरभर, सांतान्जेलोकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चालत पंधरा-वीस मिनिटं. वाटेत सावली कमी, पाणी बरोबर घ्या. या रस्त्याने पुढे गारी नदी आहे. ११ मेच्या रात्रीपासून आठव्या भारतीय डिव्हिजनने ती ओलांडली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची १/५, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण याच डिव्हिजनमधली. त्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, चौथी भारतीय डिव्हिजन वर मठाच्या उतारावर लढली होती. फाटकातून आत शिरून मागे वळून पाहा. पांढऱ्या शिळांच्या ओळींवर, अगदी डोक्यावर, मठ. वरच्याला खालचा प्रत्येक माणूस दिसत होता.

इथे चार हजारांवर कबरी आहेत. भारतीय शिळा शोधताना लिपीकडे लक्ष ठेवा. हिंदू सैनिकाच्या शिळेवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' असतं, मुसलमान सैनिकाच्या शिळेवर अरबी ओळ. परक्या देशात दिवसभर रोमन अक्षरं वाचल्यावर दगडात कोरलेला तो ॐ समोर येतो, आणि माझे पाय तिथून हलेनात.

ज्यांचे देह सापडले नाहीत, त्यांची नावं मधल्या हिरव्या संगमरवरी शिळांवर आहेत. अशी नावं चार हजारांहून जास्त, रेजिमेंटनुसार लावलेली. यातच यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, ३/५ मराठा. १० जुलै १९४४ रोजी वर टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, उरले फक्त तुकडीचे कमांडर, म्हणजे घाडगे स्वतः. ते एकटेच मशीनगनवर धावले, ग्रेनेड फेकला, गोळ्या संपल्यावर मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने लढले. तिथेच शत्रूच्या गोळीने पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, थडगं नाही. वय बावीस.

तुमच्या गावातलं नाव शोधायचं असेल तर घरूनच तयारी करा. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शिळेचा क्रमांक मिळतो. आडनावाच्या रोमन स्पेलिंगवर विसंबू नका, कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. 'कासिनो मेमोरियल' आणि रेजिमेंट टाकून यादी काढा. रेजिमेंटच्या नावातसुद्धा तेव्हा 'Mahratta' असं, मधे 'एच' घालून स्पेलिंग होतं. काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि कोल्हापूरही लिहिलेलं असतं. हिरव्या दगडावर ऊन सरळ पडलं की अक्षरं पुसट होतात. बाजूने ऊन येईल अशा कोनात उभं राहून फोटो घ्या. खडू घासू नका, दगड खराब होतो.

दारापाशी भिंतीत छोटं कपाट असतं, त्यात नोंदवही आणि अभ्यागतांची वही. मराठीत लिहा आणि खाली गावाचं नाव लिहा. कपाटाचं दार नीट लावून या, पावसाचं पाणी आत जातं.