तुम्ही विचारलंत म्हणून: तो तारा मी का सोडला

"तू सोडलास आणि तो जागा झाला! वाईट नाही वाटत?" नातेवाईक विचारतात, जुने सहकारी विचारतात, आता तर विद्यार्थीही विचारायला लागलेत. एकदाचं लिहूनच टाकते.

एक्सटीई जे१८१०-१९७. धनु राशीतला मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकीय ताकदीचा न्यूट्रॉन तारा. ५.५४ सेकंदांत एक गिरकी. २००३ मध्ये तो क्ष-किरणांत भडकलेला सापडला, २००६ मध्ये त्याचे रेडिओ स्पंद, म्हणजे ठरावीक वेळाने येणारे रेडिओलहरींचे ठोके, मिळाले. मॅग्नेटारकडून असे स्पंद मिळण्याची ती पहिलीच वेळ. २००८ च्या अखेरीस रेडिओत तो गप्प झाला. संशोधनासाठी माझ्या वाट्याला आला तो गप्प झालेला.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरची एक रात्र सांगते. आलेला डेटा ५.५४ सेकंदांच्या तुकड्यांत कापून एकावर एक रचत होते. गोंगाट असेल तर विरतो, स्पंद असेल तर वर येतो. आणि पडद्यावर खरंच एक टेंगूळ आलं. छातीत धडधडायला लागलं. मग कंप्रतेनुसार (फ्रिक्वेन्सीनुसार) वेगळं करून पाहिलं. खऱ्या स्पंदात कमी कंप्रता उशिरा पोचते, वाटेतले इलेक्ट्रॉन तिला रेंगाळायला लावतात. इथे सगळ्या कंप्रता एकदमच आल्या होत्या. म्हणजे पाहुणा आकाशातला नव्हे, इथलाच. बहुधा विजेच्या तारेवरची ठिणगी. पहाटेपर्यंत मी ते टेंगूळ पुन्हा पुन्हा काढून बघत बसले. कशासाठी, कोण जाणे.

त्या रात्रीमुळे सोडलं नाही. फेलोशिप संपली, घरी पैसे हवे होते, कॉलेजात नोकरी मिळाली. बरं, खरं सांगायचं तर त्या रात्रीनंतर मन उडालंही होतं.

८ डिसेंबर २०१८ ला इंग्लंडमधल्या जोड्रेल बँकच्या रेडिओ दुर्बिणीला तो पुन्हा ऐकू आला. नंतर खोडदलाही. मी पेपर तपासत होते. आनंद झाला, आणि नाहीही.

गप्प असताना काही मिळालंच नाही, असं म्हणू नका. त्या काळात त्याची गती मंदावण्याचा दर बराच स्थिर झाला होता. क्ष-किरणांतून ते मोजलं गेलं. मोजणारे दुसरे होते, ते सोडा.

तेव्हाची मी अजून भांडते: आणखी थोडं थांबायचं होतंस. थांबलेही असते, बाई. पगार कुणी द्यायचा, तेवढं मात्र ती सांगत नाही.