२७११ पानं आणि खालचे आजोबा

इस्रायलमध्ये रेहोवोतला राहायला आलो तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं की खालच्या फ्लॅटमध्ये इस्टेटीवरून काहीतरी पेटलंय. रोज संध्याकाळी साडेसातला दोन म्हातारे एकमेकांवर ओरडायचे, टेबलावर हात आपटायचे आणि नऊ वाजता दार उघडून हसत हसत एकमेकांना निरोप द्यायचे. पुढे उल्पानमध्ये, म्हणजे नवीन माणसांना हिब्रू शिकवतात त्या वर्गात जाऊन तोडकंमोडकं बोलायला लागलो तेव्हा एकदा जिन्यातच विचारलं. आजोबा म्हणाले, भांडण कसलं, अभ्यास करतो आम्ही.

ह्या प्रकाराला खव्रुता म्हणतात, म्हणजे जोडी. तालमूद, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांचा आणि त्यांवरच्या वादांचा भलामोठा ग्रंथसंग्रह, एकट्याने वाचत बसायचा नाही, समोर कोणीतरी पाहिजे आणि त्याने "हे पटत नाही, कशावरून?" असं सारखं म्हणत राहायला पाहिजे.

मग त्यांचा जोडीदार लेकीकडे हैफाला राहायला गेला आणि आजोबा एकटे पडले. मी हौसेने म्हणालो, मी बसू का? आणि लगेच वाटलं, आपण ज्यू नाही, चालतं का हे? तर हो किंवा नाही म्हणायच्या ऐवजी आजोबांनी कपाटातून तालमूदमधल्या सानहेद्रिन ह्या ग्रंथाचा जाडजूड खंड काढला आणि ५९वं पान उघडलं. तिथे रब्बी (म्हणजे धर्मपंडित) योहानान म्हणतात, परक्याने तोरा, म्हणजे ज्यूंचं मूळ धर्मशास्त्र, शिकली तर त्याला मृत्यूची शिक्षा. आणि त्याच पानावर रब्बी मेईरचं म्हणणं असं की परका माणूस तोरा शिकत असेल तर तो थेट मुख्य पुरोहिताच्या बरोबरीचा! मग ह्या दोघांचा मेळ घालायचा म्हणून गमारा, म्हणजे तालमूदमधली चर्चा, सांगते की रब्बी मेईर बोलतायत ते सगळ्या माणसांसाठी असलेल्या सात आज्ञांच्या अभ्यासाबद्दल. मी म्हटलं, मग माझं काय? आजोबा म्हणाले, बस, चहा ठेवतो.

पान बघण्यासारखं असतं खरंच. मधोमध मिश्ना म्हणजे मूळ नियम, साधारण इसवी सन २००च्या सुमाराला संकलित झालेले, त्याखाली गमारा म्हणजे त्यांच्यावरची चर्चा, एका बाजूला राशीचं भाष्य, हा ११व्या शतकातला फ्रान्समधला पंडित, आणि दुसऱ्या बाजूला तोसाफोत नावाच्या टिपा. हे तोसाफोतवाले म्हणजे राशीचे नातू आणि त्यांच्या पुढची शिष्यमंडळी, आणि ते पानोपानी राशीच्या म्हणण्यात खोट काढतात, ते सुद्धा त्याच पानावर, शेजारी बसून! आपल्याकडे सार्थ ग्रंथात ओवी आणि खाली अर्थ असतो, पण शेजारच्या रकान्यात "हा अर्थ चुकला" असं कोणी छापलेलं मी तरी पाहिलं नाही. आणि तालमूदमधला जवळजवळ प्रत्येक ग्रंथ दुसऱ्या पानापासून सुरू होतो, पहिलं पानच नाही. खरं कारण छपाईचं, मुखपृष्ठाचं पान मोजलेलं असतं, पण आजोबा म्हणतात की तुला पहिलं पान पण येत नाही हे लक्षात राहावं म्हणून. छपाईवालं कारण खरं असलं तरी मला आजोबांचंच आवडतं.

सुरुवातीला मी आपला मान डोलवायचो. शाळेत "उलट बोलतोस?" ऐकत मोठा झालोय, आणि वयाने मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर हो हो म्हणायची सवयच. तीन-चार दिवसांनी आजोबा वैतागले आणि मला रेश लाकिशची गोष्ट सांगितली. हा आधी दरोडेखोर होता म्हणे, मग रब्बी योहानानचा (हो, तेच मृत्यूदंडवाले) मेहुणा आणि अभ्यासातला जोडीदार झाला. एकदा दोघांचं वाईट वाजलं, शब्दाने शब्द वाढला, आणि त्या दुःखात रेश लाकिश गेला. योहानान खचले. बाकीच्या पंडितांनी एक हुशार माणूस पाठवला, एलआझार बेन पेदात, तर योहानान जे म्हणतील त्याला हा म्हणायचा, बरोबर आहे, ह्याला आधार आहे. शेवटी योहानान भडकले की माझं बरोबर आहे हे मला माहीत नाही का? लाकिशचा मुलगा (म्हणजे रेश लाकिशच) माझ्या एका वाक्यावर २४ हरकती घ्यायचा, मी २४ उत्तरं द्यायचो, त्यातून विषय मोकळा व्हायचा! आणि मग कपडे फाडत, लाकिशच्या मुला तू कुठे आहेस म्हणत ते रडत फिरले.

गोष्ट संपवून आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, तू एलआझार आहेस.

आमच्याकडे कसं असतं असं त्यांनी विचारलं तेव्हा मी कीर्तनाचं सांगितलं, बुवा बोलतात, आपण ऐकतो. मध्ये हरकत घेतली तर? म्हटलं, आजूबाजूचे बघून घेतील. (मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींनी १८८०च्या सुमाराला मोशे, अब्राहामवर मराठीत कीर्तनं केलीयत हे आजोबांना माहीत नव्हतं. ऐकून फार खूश झाले.)

सकाळचं त्यांचं वेगळं असतं, दाफ योमी, रोज एक पान. १९२३ला व्हिएन्नाच्या संमेलनात रब्बी मेईर शापिरोंनी ही कल्पना मांडली, जगभर सगळ्यांनी त्या दिवशी तेच पान वाचायचं, एकूण २७११ पानं, म्हणजे जवळपास साडेसात वर्षं. सध्याची फेरी चौदावी, जानेवारी २०२०ला सुरू झालेली. त्याच वेळी जेरुसलेमला हजारो बायकांनी एकत्र येऊन आधीची फेरी पुरी केल्याचा सोहळा केला. आज्जींना लहानपणी कोणी तालमूद शिकवला नव्हता, नात मात्र रोजचं पान मोबाईलवर वाचते आणि आजोबांना अडवते, आज्जी स्वयंपाकघरातून नातीच्या बाजूने.

एक ग्रंथ संपला की सियुम म्हणजे समाप्तीचा सोहळा करतात, खाणंपिणं, आणि 'हद्रान' म्हणतात, की आम्ही तुझ्याकडे परत येऊ, तूही आमच्याकडे परत ये, आम्ही तुला विसरणार नाही, तूही विसरू नकोस. हे एका ग्रंथाला उद्देशून! २०२५ला नेमका गणपतीच्या दिवसांत जो ग्रंथ संपला त्याचं नाव अवोदा झारा, विषय मूर्तिपूजा आणि मूर्तिपूजकांशी व्यवहार. मला हसूच आलं. मी फोनवर विसर्जनाचे व्हिडिओ दाखवत सांगितलं की आम्हीही 'पुनरागमनायच' म्हणतो, पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो.

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. मूर्ती तर पाण्यात गेली, मग परत येतो तो कोण? तोच की दुसरा? मी म्हटलं प्राणप्रतिष्ठा वगैरे, त्यांनी हरकत घेतली, मी उत्तर दिलं, त्यांनी परत घेतली, मग मी टेबलावर हात आपटून विचारलं की तुमचा ग्रंथ तर कपाटातच राहतो, मग परत येतो तो तरी कोण?

बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "तेकू."

न सुटलेल्या वादाखाली तालमूदमध्ये हा शब्द असतो, राहू दे तसंच. इथे फुटबॉलची मॅच बरोबरीत सुटली की पण हेच म्हणतात.